काळ्या पाटीवरचं दुसरं नाव

तुम्ही खोटं बोललात, साहेब. तेव्हा तोंडाने बोललात, आता सही-शिक्का मारून तेच खोटं कागदावर पाठवलंत. "तांत्रिक बिघाड." दोन शब्द टाकून मोकळे झालात. त्या सकाळी कुरंजटोल्याच्या ग्रामसभेच्या खोलीत तुम्ही नव्हता. मी होते. तेव्हा काय झालं ते मी सांगते, तुम्ही फक्त ऐका.

मी बटण दाबलं. सीपीयूचा पंखा घरघरला, मॉनिटरवर कंपनीचं चित्र आलं आणि गेलं. एरवी त्यानंतर एक काळी पाटी यायची आणि तिच्यावर दोन नावं असायची, वर लिनक्स, खाली विंडोज. बाणाच्या बटणाने हवं ते निवडायचं. मशीन चालवणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था; एका डब्यात दोन बिऱ्हाडं, मधे भिंत. विंडोजमध्ये तुमच्या वेबसाइटवरचे अर्ज भरायचे, कारण तुमची वेबसाइट दुसऱ्या कशात उघडायचंच नाव घेत नव्हती. लिनक्समध्ये आमच्या जंगलाचा नकाशा.

त्या दिवशी पाटी आली, पण नावं नव्हती. इंग्रजीत एक ओळ होती: एरर, नो सच पार्टिशन. म्हणजे असा कप्पाच नाही. तिच्याखाली "ग्रब रेस्क्यू" एवढंच, आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ.

"चालू झालं का वो, रत्ना?" दारातून दलसूमामांनी विचारलं.

दलसू कोवे आमच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. पांढरा सदरा चढवून सकाळपासून तयार होते. दुपारी तुमच्या कार्यालयात आमच्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती. नकाशा मशीनवर उघडून दाखवा, एकेक खूण तपासू, नाहीतर दावा फेटाळू, असं तुम्हीच कळवलं होतं. बाहेर भाड्याची जीप उभी होती. सीपीयू, मॉनिटर, सगळं तिच्यात घालून न्यायचं होतं.

"होतंय मामा," मी म्हटलं.

बंद केलं. परत चालू केलं. तीच ओळ. वायर काढून लावली. तीच ओळ. ग्रामसभेने मशीन माझ्या हवाली केलं होतं. गावात कॉम्प्युटर येणारी मी एकटी, तेही कुणी शिकवलं म्हणून नाही, मोडत-जोडत आलं म्हणून.

नकाशाची दुसरी प्रत कुठे होती, असं तुम्ही विचाराल. शहाणे लोक विचारतातच. नव्हती. त्याच्या आधी एका संस्थेने आमच्या जंगलाचा नकाशा पुस्तकात छापला होता. मधाच्या जागा, कंदांच्या जागा, देवाची राई, सगळं. पुढच्या उन्हाळ्यात खाणीची मोजणी करणारे आले, तर त्यांच्या हातात त्याच पानाची झेरॉक्स. तेव्हापासून गावाने ठरवलं की नवा नकाशा एकाच मशीनमध्ये राहील. कुणाच्या फोनमध्ये नाही, नेटवर नाही. मी नको म्हणत होते. पण आमच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी थांबायचं, बोलायचं, पुन्हा विचारायचं. बोलता बोलता शेवटी मीही हो म्हटलं. एकच पेनड्राइव्ह गावाबाहेर गेला, तो दाव्यासोबत तुमच्याकडे. तो तुमच्या आवक विभागात "आढळून येत नाही."

मी परागदादाला फोन लावला. हे मशीन त्यानेच मांडून दिलं होतं. पूर्वी आमच्या भागात काम करायचा, पण त्या सकाळपर्यंत पुण्यात नोकरीला लागला होता.

"स्क्रीनवर आहे ते जसंच्या तसं वाच," तो म्हणाला.

वाचलं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"काय झालंय, दादा?"

"मशीन कुठे बाहेर गेलं होतं का गं?"

"साहेबांच्या ऑफिसात. नवं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणून त्यांनीच मागवलं. काल संध्याकाळी परत आलं. लाइट नव्हती, म्हणून लावून पाहिलं नाही."

"विंडोज तरी उघडतंय?"

"काहीच नाही. सरळ इथे येऊन बसतं."

"हं. म्हणजे ती निवडायची पाटी असते ना, ती लिनक्सच्या बिऱ्हाडात राहते. मशीनला ते बिऱ्हाडच सापडत नाहीये. म्हणून विंडोजचं दारही त्याला दिसेना. ऐक, घाबरू नकोस."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

त्याने देऊन ठेवलेला पेनड्राइव्ह कपाटातून काढला. त्यात अख्खं लिनक्स होतं, मशीनला हात न लावता बाहेरून चालणारं. तो खोचून मशीन चालू करायचं आणि चित्र जायच्या आत एक बटण दाबायचं. पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदा भलतंच बटण. तिसऱ्यांदा मी ते बटण उखळात मुसळ घातल्यासारखं ठोकत राहिले, आणि एकदाचा पडदा उजळला. निळं, ओळखीचं लिनक्स. पण आमचं नव्हे, पेनड्राइव्हमधलं.

"आता डिस्क दाखवणारा प्रोग्राम उघड. पट्टी दिसेल. डावीकडे विंडोज. उजवीकडे काय आहे?"

उजवीकडे करडा रंग होता. वर लिहिलेलं: अनअलोकेटेड.

"रिकामी जागा," मी म्हटलं. "दादा, रिकामी जागा आहे. आपला नकाशा त्या जागेत होता."

"काय झालं?" दारातून आवाज आला. रैजो आजी. अंगाने काटकुळी, आवाजाने ढोल. जीप निघत का नाही म्हणून बघायला आली होती. तिच्यामागे आणखी पाच-सहा जणं.

इतका वेळ आवळून धरलेलं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "तुमच्यामुळे झालं आजी! एक प्रत फोनमध्ये ठेवू म्हटलं तर तुम्हीच सर्वांत जास्त ओरडल्या. आता गेला नकाशा. बसा!"

"माह्यामुळे?" आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी उंदीर सोडला का तुह्या डब्यात?"

कुणीतरी हसलं. दलसूमामांनी नुसती मान वळवली तसं ते हसू थांबलं.

"पराग," मामा फोनकडे वाकून म्हणाले, "खरं सांगजो बापू. नकाशा गेला का राह्यला?"

"मामा, रिकामं दिसतं म्हणजे रिकामं असतंच असं नाही. भिंत कुठे होती त्याची नोंद पुसली गेली आहे. सामान बहुतेक आतच असेल. पण त्या जागेवर आता एक अक्षर लिहायचं नाही. कोणी सांगितलं की विंडोज नव्याने टाका, तर टाकायचं नाही. नवं टाकलं की जुनं कायमचं गेलं."

"ऑफिसात फोन करू का?" मी विचारलं. "त्यांच्याच माणसाने काहीतरी केलं असेल."

"नाही," मामा म्हणाले. "कोनालेच सांगू नको. आधी आपन पाहू."

हे लक्षात ठेवा, साहेब. त्या सकाळी आमच्या खोलीतून तुमच्या कार्यालयाकडे एक शब्द गेला नाही.

परागदादाने दुसरा एक प्रोग्राम सुरू करायला लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. पुसलेल्या भिंतींच्या खुणा शोधणारा. पहिल्या, वरवरच्या शोधात फक्त विंडोज सापडलं. मग खोल शोध लावला. तो डिस्कच्या सुरुवातीपासून एकेक पट्टा चाचपत निघाला. एक टक्का. बराच वेळ एकच टक्का. मग दोन. इतक्यात लाइट गेली आणि इन्व्हर्टर किंचाळायला लागला. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली. खोलीत अंधार, फक्त मॉनिटर. आता तोंडं बरीच झाली होती. कुणी खाली बसलं, कुणी खिडकीला लटकलं.

"किती झालं?"

"नऊ."

"जीपवाला विचारून रायला, किती वेळ."

"त्याले म्हना, च्या पे."

"तीन कप पेला तो. आता म्हनते जेवन द्या."

मला हसू येत नव्हतं. मी त्या आकड्याकडे बघत होते. मला दिसत होतं की आम्ही रिकाम्या हाताने तुमच्या दालनात उभे आहोत आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणताय, बरं मग, दावा फेटाळला. त्या नकाशासाठी बाया पायांची सालटं निघेस्तोवर जंगलाच्या सीमेवरून चालल्या होत्या. शेजारच्या गावाबरोबर पिढ्यांचं भांडण होतं एका ओढ्यावरून, ते त्याच चालण्यात मिटलं होतं. ओढ्याच्या कोणत्या दगडापासून त्यांचं आणि कोणत्या दगडापासून आमचं, ते फक्त त्या नकाशात होतं. तो गेला की जंगलही गेलं असतं आणि भांडण परत आलं असतं.

रैजो आजी माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर येऊन बसली. माझ्याशी बोलत नव्हती. पण तिचा गुडघा खुर्चीच्या पायाला टेकला होता.

निम्म्याच्या जरा पुढे पडद्यावर एक ओळ उमटली. लिनक्स. सुरुवात, शेवट, आकार. मी ओरडलेच.

"थांब, थांब," परागदादा फोनवरून म्हणाला. "ओळ निवड आणि पी दाब. आतल्या फाइली दिसतायत का बघ."

दाबलं. फोल्डरांची नावं खाली खाली उतरत गेली. सीमेच्या प्रत्येक तुकड्यावर जो गट चालला, त्याच्या म्होरक्याचं नाव मी त्या फोल्डरला दिलं होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली गावातली नावं. मी मोठ्याने वाचायला लागले. फुलमाबाई. वारलू. मंगरी. लालसाय. नाव आलं की त्या माणसाचा श्वास ऐकू यायचा.

"मी हाओ का त्यात?" आजीने विचारलं. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"आहात आजी. ओढ्याचा तुकडा तुमचाच."

"मंग जित्ता हाय आपला नकाशा."

परागदादाने सांगितलं तसं यादीतून मागे येऊन मी पडद्यावरच्या एका बटणावर गेले: राइट. म्हणजे भिंतीची नोंद परत लिही. पडद्यावर प्रश्न आला: नक्की लिहायचं? वाय की एन.

"वाय दाब," परागदादा म्हणाला. "मग मशीन बंद करून चालू कर."

माझं बोट वायवर होतं.

"थांब वो," दलसूमामा म्हणाले.

"मामा, वेळ नाही!"

"मशीन गावाचं हाय. चुकलं तं गावाचं चुकन. तुह्या एकटीच्या डोक्यावर कायले घेते? मशीन काय विचारते ते सांग सगळ्याईले."

परागदादा पलीकडे "अरे देवा" असं पुटपुटला. मी सांगितलं. भिंत जुन्या जागी मांडू का, असं मशीन विचारतंय. बरोबर जागा असेल तर नकाशा परत मिळेल. चूक असेल तर नुकसान होऊ शकतं. मामा एकेकाकडे बघत गेले. हो. हो जी. लिवा. हो. असं करत प्रश्न आजीपाशी आला.

आजी पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "बापू," ती फोनला म्हणाली, "हे मशीन लिवाच्या आधी विचारते. पुसाच्या आधी नाई विचारत का?"

मामांनी फोन जवळ ओढला.

"पराग?" मामा म्हणाले.

"विचारतं," तो हळूच म्हणाला. "विंडोजमधून पुसायला गेलं की स्वच्छ विचारतं. हा भाग विंडोजने बनवलेला नाही, यात दुसऱ्या कोणाचा डेटा असू शकतो, तरी पुसायचं का? हो म्हटल्याशिवाय पुसत नाही."

"पोरगं असन कोनी," मामा म्हणाले. मामांना माणसाचं वाईट बोलवत नाही. "जागा कमी पडली असन त्याच्या सॉफ्टवेअरले."

"मामा, मीही आधी तेच धरून चाललो होतो. पण जागा हवी असती तर त्याने ती वापरली असती. विंडोजला जोडली असती, काहीतरी भरलं असतं. रत्ना, पट्टीवर करडा रंगच होता ना? जागा तशीच पडून आहे. पुसली आणि सोडून दिली. नंतर एकदा बंद करून चालूही केलं नाही. केलं असतं तर विंडोजही उघडत नाही हे त्याला तिथेच कळलं असतं."

इन्व्हर्टर अजून किंचाळत होता. बिघडलेल्या वस्तूची भीती वेगळी असते, साहेब. कुणीतरी आपलं घर शोधत आत येऊन गेला, हे कळल्यावरची भीती वेगळी. मला पाठीमागे बघावंसं वाटलं.

"मंग नको लिवू," आजी म्हणाली.

"काय?"

"असंच उचला अन् जीपमंदी टाका. साहेबासमोर ठेवू. म्हनू, पाह्य, तुह्या मानसानं काय केलं ते. दुरुस्त केलं तं म्हनन, सगळं तं चालू हाय, कायची बोंब मारता?"

"बरोबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघातिघांनी माना हलवल्या.

"फोटो काढू आजी," मी म्हटलं. "पडद्याचा. पट्टीचा."

"फोटोले कोन मानते? मागच्या वक्ती झाडं तोडली त्याचे फोटो नेले होते. म्हने, हे कोनतं जंगल ते कायवरून?"

ती म्हणत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती. आणि इन्व्हर्टर मरायला टेकला होता. माझं बोट अजून त्या बटणावर होतं. दाबलं असतं तर कुणाला कळलं असतं? आजीला अक्षर येत नव्हतं, परागदादा पुण्यात, बाकी सगळे आजीकडे बघत होते. आपोआप झालं म्हटलं असतं तरी खपलं असतं. तुमच्या माणसाने एकट्याने बसून जे केलं तेच मीही एकटीने करू शकत होते, फक्त उलट्या दिशेने. मी बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"आजी," मी म्हटलं, "आज चोर धरायचा की जंगल धरायचं? दोन्ही हातात मावत नाही."

आजी उठली. दारात गेली, तोंडातला तंबाखू थुंकली, तिथेच पाठमोरी उभी राहिली. कुणी तिला घाई केली नाही.

"जंगल," ती वळून म्हणाली. "पन चोराले सोडजो नको, रत्ना. त्याचं नाव मले पायजे. तू लिवतेस-वाचतेस. तू इचारजो."

"विचारीन."

"मंग दाब."

फोनने पट्टीचा फोटो घेतला. वाय दाबलं. पेनड्राइव्ह काढला, मशीन बंद केलं, चालू केलं. पंखा घरघरला. कंपनीचं चित्र. काळोख. काळोख जरा जास्तच वेळ राहिला, आणि मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

मग पाटी आली. वर लिनक्स, खाली विंडोज.

फुलमाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "उचला आता, जीपवाला जेवून बसला." मी नकाशा एकदा उघडून बघितला, ओढ्याचा दगड जागेवर आहे का ते तपासलं आणि मशीन बंद केलं.

तुमच्या कार्यालयाच्या दारात तुमचा बाबू पानाचा डबा उघडून उभा होता. दलसूमामांना बघून हसला. "या अध्यक्षसाहेब! आले का बिना नकाशाचे?"

मामांच्या हातात चादरीत गुंडाळलेला सीपीयू होता. ते थबकले, त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही कोणालाही सांगितलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नकाशा उघडला तेव्हा तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. एकेक खूण तपासणार होतात. एकाही खुणेबद्दल विचारलं नाही. मी फोनमधला फोटो पुढे केला, तर म्हणालात, "तांत्रिक बिघाड असतात हो. चालू झालं ना? मग विषय संपला." दावा मंजूर झाला, कारण नामंजूर करायला तुमच्या हातात काही उरलं नव्हतं. तुमची बदली झाली, बढती झाली. मी माहिती अधिकारात अर्ज केला, अपील केलं, पुन्हा अर्ज केला. दर वेळी तेच दोन शब्द, आणि आता तर खाली तुमचीच सही. रैजो आजी आता काठीशिवाय चालत नाही, पण प्रत्येक ग्रामसभेला येते, आणि विषय कुठलाही असो, उठताना मला विचारते, "नाव आलं का वो?"

मी नाही म्हणते. मग ती बसून राहते.

तिला उत्तर म्हणून बिघाड देऊन चालत नाही, साहेब. बिघाडाला नाव नसतं. मशीनने विचारलं होतं, तरी पुसायचं का. तुमच्या कार्यालयात, तुमच्या टेबलावर, दार लावून, कुणीतरी हो म्हटलं. त्याला ते म्हणायला कुणी सांगितलं? तुम्ही सांगितलंत, की तुम्हाला कुणी सांगायला लावलं? नाव लिहा, सही करा, आणि या वेळी शिक्का तांत्रिक बिघाडावर नाही, त्या नावावर मारा. मी वाट बघते आहे. उत्तर द्या.